बघ्यांचा हिशेब



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून एखाद्या चित्रपटाची शिफारस करावी, तोही परक्या भाषेतला आणि सूडाचा, हे काही मंडळींना औचित्याला सोडून वाटेल. पण सूड हा विषय या गेवराई तालुक्याला नवा नाही. गोदाकाठचं राक्षसभुवन याच तालुक्यातलं. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला मोठा विजय म्हणून ती लढाई इतिहासात गेली. त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं होतं. मराठी फौजाही निजामाच्या मुलखात फुलं वाटत फिरत नव्हत्या. कोणी कोणाचा बदला घेतला हे आपल्याला पाठ असतं. दोन फौजांच्या मधे सापडलेल्या गावांनी काय पाहिलं आणि काय सोसलं, याला विजयाच्या गोष्टीत जागा नसते. सूडाच्या गोष्टीत दोनच पात्रं लागतात, एक अन्याय करणारा आणि एक त्याचं उट्टं काढणारा, अशी आपली समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे, असं मला आज मांडायचं आहे. तिसरं पात्र असतं. ते बघत उभं असतं. ज्या सूडपटाला हे तिसरं पात्र दिसतं तो चांगला सूडपट, आणि असा सूडपट सहसा चालत नाही.

ज्या चित्रपटाच्या आधाराने हे मांडतो आहे त्याचं नाव ‘डेड मॅन्स शूज’. शेन मेडोज हा त्याचा दिग्दर्शक, वर्ष २००४. शेफील्डच्या ‘वॉर्प फिल्म्स’ या छोट्या संस्थेने काढलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. मेडोज आणि नायकाचं काम करणारा पॅडी कॉन्सिडाइन यांनी मिळून तो लिहिला. चित्रीकरण डर्बीशायरमधल्या मॅटलॉक या डोंगराळ गावाच्या परिसरात झालं. व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला, ब्रिटिश अकादमीच्या सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळालं. पण पुढे मेडोजचं नाव झालं ते ‘धिस इज इंग्लंड’मुळे, आणि हा आधीचा चित्रपट जाणकारांच्या बोलण्यापुरता उरला. आपल्याकडे तर त्याचं नाव क्वचितच कोणी घेतं. कथा चार ओळींची आहे. रिचर्ड नावाचा माजी सैनिक आपल्या गावी परततो. त्याच्या धाकट्या भावाची, अँथनीची, बुद्धी वयाच्या मानाने कमी वाढलेली आहे. गावातल्या एका टोळक्याने रिचर्डच्या गैरहजेरीत या भावाचे हाल केलेले असतात. रिचर्ड एकेकाला गाठतो. भावाविषयीची एक गोष्ट चित्रपट शेवटापर्यंत राखून ठेवतो. ती मी इथे सांगणार नाही, कारण ती आधी कळली तर अर्धा चित्रपट वाया जातो.

यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. अन्याय, परतलेला भाऊ, एकेकाचा काटा काढणं, हे आपण सत्तरच्या दशकापासून बघत आलो आहोत. नवीन आहे ती मांडणीची उलटापालट, आणि तिच्यातच या चित्रपटाचं सगळं बळ आहे. आपल्या हिंदी सूडपटाची रचना आठवा. ‘जंजीर’ची सुरुवात दिवाळीच्या रात्री नायकाच्या आईवडिलांच्या खुनाने होते. त्याच वर्षीच्या, म्हणजे १९७३ च्या, ‘यादों की बारात’मध्येही खून आधी आणि हिशेब नंतर. ‘शोले’त ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड मध्यावर येतं, पण शेवटच्या झटापटीच्या पुष्कळ आधी. गुन्हा अगोदर दाखवायचा, इतका भीषण दाखवायचा की पुढे नायक जे काही करेल त्याला प्रेक्षकाची मंजुरी आगाऊ मिळावी. आपण तिकीट काढतो तेव्हाच वॉरंटवर सही करून मोकळे होतो. मेडोज हे करत नाही. तो शिक्षा आधी दाखवतो आणि गुन्हा तुकड्यातुकड्यांनी, भुरकट कृष्णधवल दृश्यांतून, मागाहून दाखवत जातो. सुरुवातीला आपल्याला एवढंच दिसतं की एक माणूस काही रिकामटेकड्या पोरांच्या मागे लागला आहे. तो गॅस मास्क घालून त्यांच्या घरात शिरतो, झोपेत त्यांची तोंडं रंगवून ठेवतो, त्यांची चीजवस्तू लांबवतो. आपल्याला हसू येतं. ती पोरंही हसण्यासारखीच आहेत: पसारा पडलेल्या खोल्यांत राहणारी, एका लहानशा जुनाट मोटारीत कोंबून बसून दहशत मिरवणारी, गावापुरतीच भाई असलेली. मग रक्त सांडतं, आणि आपण आधी हसलेलो असल्यामुळे आता आपली पंचाईत होते. गुन्ह्याचे तुकडे जुळत जातात तसतसा आपला राग वाढतो, पण तोवर शिक्षा होऊन गेलेली असते. राग आणि टाळी यांची वेळ जुळत नाही. शिट्टी मारायला तोंडाशी नेलेली बोटं तिथेच राहतात.

आता तिसऱ्या पात्राकडे येतो. त्या टोळक्यात मार्क नावाचा एक जण होता. तो पुढे त्यांच्यातून बाहेर पडला, गाव सोडून शेजारी राहायला गेला, लग्न केलं, त्याला दोन मुलगे झाले, आता तो सरळमार्गी संसारी माणूस आहे. भावाचे हाल होत होते तेव्हा तो तिथे हजर होता. त्याने हात उचलला नाही, आणि कोणाचा उचललेला हात धरलाही नाही. नेहमीच्या सूडपटात असं पात्र असलंच तर साक्षीदार म्हणून येतं, नायकाला पत्ता देऊन मरतं किंवा सुटतं. इथे चित्रपटाचा सर्वांत लांब, सर्वांत शांत आणि सर्वांत भयंकर प्रसंग या मार्कबरोबर आहे. मारणाऱ्यांचा निकाल रिचर्ड फार न बोलता लावतो. बघणाऱ्यापाशी मात्र त्याला थांबून बोलावं लागतं, कारण त्याच्यासाठी शिक्षा काय असावी हे त्याचं त्यालाही ठरलेलं नाही. शिवाय आतापर्यंत केलेल्या कृत्यांनी आपण स्वतः काय होऊन बसलो आहोत, हेही त्याला त्याच माणसासमोर कबूल करावं लागतं. शेवटी शिक्षा कोणाला होते आणि ती कोणाच्या हातून होते, ते पडद्यावरच पाहावं.

आपल्या परंपरेला हा प्रश्न माहीत नाही असं नाही. द्यूतसभेत द्रौपदीला ओढत आणलं तेव्हा सभेत भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. दुःशासन एक होता. बसलेले शेकडो होते. विदुर बोलला, आणि खुद्द कौरवांपैकी विकर्ण उठून बोलला. बाकीच्यांनी धर्म किती सूक्ष्म असतो याची चर्चा केली किंवा माना खाली घातल्या. भीमाची प्रतिज्ञा त्या मौनातून जन्मली. सभा बोलली असती तर गदेला काम उरलं नसतं. महाभारतकार इथेच थांबत नाहीत. युद्धात भीमाच्या हातून तो विकर्णही मारला जातो, ज्याने कौरवांपैकी एकट्याने तोंड उघडलं होतं, आणि त्याला मारल्यावर भीम हळहळतो. सूड एकदा चालू झाला की बोलणारा आणि गप्प बसणारा यांत फरक करण्याइतकी उसंत त्याला राहत नाही, हे यापेक्षा नेमकं कोणी सांगितलेलं नाही. पुढे अश्वत्थामा बापाच्या वधाचा बदला म्हणून झोपलेल्या छावणीत शिरतो. आपल्या लोककथेत तो अजून कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो आहे. रिचर्डला पाहताना मराठी प्रेक्षकाला तो आठवला नाही तरच नवल. कीर्तनातून, पोथीतून आपण हे शतकानुशतकं ऐकलं. आपल्या पडद्यावर मात्र बहुतेक वेळा भीमाची गदा तेवढी आली.

बहुतेक वेळा म्हणालो, कारण अपवाद आहेत आणि ते मराठीतले आहेत. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवट सर्वांना माहीत आहे. २०१३ चा चित्रपट. कैकाडी कुटुंब डुकरामागे धावतं आहे, गाव कडेला उभं राहून हसतं आहे, टिंगल करतं आहे. अखेर जब्या दगड भिरकावतो आणि तो दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, पडदा काळा होतो. टिंगल करणाऱ्या पोराच्या कपाळावर तो बसला असता तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. दिग्दर्शकाने नेम बदलला आणि बघ्यांच्या रांगेत प्रेक्षकालाही उभं केलं. त्याउलट २००५ चा ‘डोंबिवली फास्ट’ घ्या. निशिकांत कामत यांचा तो पहिलाच चित्रपट, आणि संदीप कुलकर्णी यांचं काम आजही ताजं वाटतं. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे रोजच्या भ्रष्टाचाराला, बेशिस्तीला कंटाळून हातात बॅट घेतो. तिथे बघ्याच नायक होतो. लोकलमधल्या प्रत्येकाला वाटतं, हा तर मीच. चित्रपट प्रभावी आहे यात वाद नाही, पण तो बघ्याला दोषमुक्त करून घरी पाठवतो. तो पुष्कळ चालला, याला हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

या रांगेत मला विशेष आग्रहाने नाव घ्यायचं आहे ते भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’चं. तो अगदीच अलक्षित आहे असं म्हणता येणार नाही. बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी वेगळा पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाने शेतजमीन विकून चित्रपट काढला, ही बातमी तर चित्रपटापेक्षा जास्त लोकांना माहीत आहे. पण धनगरांच्या जीवनावरचा चित्रपट अशी पाटी त्याच्यावर लागली आणि तो सूडपट आहे हे कोणी पाहिलंच नाही. रघू या धनगराची जमीन वनखात्याकडे गेलेली, कोर्टात खटला लोंबकळत पडलेला, मेंढरं घेऊन कुटुंब रानोमाळ, आणि मुक्कामाच्या गावात सरपंचाची अरेरावी. शशांक शेंडे यांनी उभा केलेला हा बाप अपमान गिळत राहतो, कारण मेंढरं चरवायची तर कोणाशी तरी जमवून घ्यावंच लागतं. भाऊसाहेब शिंदे यांचा बाळू धाकटा, अंगापिंडाने मजबूत, त्याची स्वप्नं साधी: एका जागी घर असावं, लग्न व्हावं. चित्रपट घाई करत नाही. मेंढरं कोंडायची वाघूर, पाऊस, कुत्री, मेंढरांचा आवाज, यातच तो रेंगाळतो. ध्वनिमुद्रणाला पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. बाळूचा राग शेवटी उसळतो तेव्हा तो एका प्रसंगाचा राग राहत नाही, कोर्टाच्या तारखांचा आणि गावोगावच्या वेशीवर ऐकून घेतलेल्या शब्दांचा असतो. ‘ख्वाडा’ सूड कसा साचतो ते दाखवतो. ‘डेड मॅन्स शूज’ तो फेडल्यावर माणसाचं काय उरतं ते दाखवतो. पहिला जिथे संपतो तिथे दुसरा सुरू होतो, म्हणून दोन्ही एकापाठोपाठ पाहिले पाहिजेत. हे कऱ्हाडेही प्रदर्शनाच्या फेऱ्यातून सुटले नाहीत. २०२३ मध्ये त्यांच्या ‘टीडीएम’ला पुरेसे खेळ मिळेनात, म्हणून प्रदर्शन थांबवून चित्रपट पुन्हा आणावा लागला. मॅटलॉकच्या चित्रपटाची उपेक्षा आणि नगरच्या चित्रपटाची उपेक्षा यांत अंतर फार नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला नेहमीचा: असले चित्रपट पाहून पोरं बिघडतात, हातात कोयते घेतात. बीड जिल्ह्यात बसून हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. पण या आक्षेपावर सरकारने एकदा उपाय करून पाहिला आहे. आणीबाणीत ‘शोले’ परीक्षण मंडळापुढे गेला. मूळ शेवटात ठाकूर खिळे मारलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं मंडळाला पटलं नाही. शेवट नव्याने चित्रित झाला, ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर कायद्याच्या ताब्यात जातो. शेवटची काही मिनिटं बदलली. आधीचे तीन तास प्रेक्षकाच्या मनात गब्बरच्या मरणाची जी इच्छा पेटवली गेली होती, तिला त्या पोलिसांनी हातही लावला नाही. सूडाचं आकर्षण शेवट कापून कमी होत नाही. मेडोजने जे केलं, म्हणजे आधी हसवून मग हसणाऱ्याला पेचात पकडणं, ते कुठल्याही कात्रीला जमणारं नाही. आणि हेही सांगतो: हा चित्रपट मुलांसाठी नाही. ब्रिटनमध्ये त्याला प्रौढांसाठीचंच प्रमाणपत्र आहे, त्यात अमली पदार्थ आहेत, शिव्या आहेत, हिंसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याच्यापुढे मी जरा बिचकूनच उभा राहतो. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांना सूडाचे दुष्परिणाम समजावून सांगणं, हा ज्यांनी काही गमावलं नाही अशांचा उद्योग आहे. नुकसान सोसायचं एकाने आणि संयमही त्यानेच पाळायचा, हा कुठला न्याय? शेजारच्या जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. तीन वर्षांनी सत्र न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. खटल्यात साक्षीदार फितूर झाले होते. अशा निकालानंतर त्या घराला कायद्यावर विश्वास ठेवा म्हणून सांगायला जायचं तर कोणत्या तोंडाने? आक्षेप खरा आहे. पण तो मेडोजच्या चित्रपटाला लागू होत नाही, उलट त्याच्याच बाजूने उभा राहतो. हा चित्रपट रिचर्डला उपदेश करत नाही. त्याचा राग चुकीचा आहे असं तो एकदाही म्हणत नाही. तो विचारतो की हा राग एकट्या रिचर्डवर का येऊन पडला? त्या छोट्या गावात सर्वांना सर्व माहीत होतं. मार्कला माहीत होतं. फितूर झालेल्या साक्षीदारालाही माहीत असतं. अर्थात भीती असते, रोजगार असतो, त्याच गावात उद्या राहायचं असतं. फितुरीला बळजबरीचीही बाजू असते आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. तरी जिथे साक्ष मिळत नाही तिथे कोयता निघतो, आणि कोयता निघाल्यावर साक्ष न देणारेच सर्वांत आधी म्हणतात की कायदा हातात घ्यायला नको होता.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. गेवराईत इंग्रजी चित्रपट बघणार कोण, आणि तोही इंग्लंडच्या मध्य भागातल्या बोलीतला, जी लंडनकरालाही धड कळत नाही? पण ‘ख्वाडा’तली नगरकडची बोलीही मुंबईच्या प्रेक्षकाला सगळी कळली नव्हती, आणि त्याचं काही अडलं नाही. या चित्रपटातली माणसं आपल्याला अनोळखी नाहीत: कामधंदा नसलेली, चौकात उभी राहणारी, एका पुढाऱ्याच्या मागे फिरणारी, कमजोर पोराला धरून मजा करणारी. खाली इंग्रजी अक्षरं उमटवून, आधी दहा मिनिटं मराठीत प्रास्ताविक करून हा दीड तासाचा चित्रपट कुठल्याही महाविद्यालयाच्या सभागृहात दाखवता येईल. मुंबईत १९६८ साली ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं तेव्हा जगाचा सिनेमा मराठी माणसापर्यंत असाच पोचवायचा होता. तालुक्याच्या गावाला आज त्याहून साधनं जास्त आहेत, फक्त बसायला माणसं जमवावी लागतील. क्रम माझ्या मते असा ठेवावा: आधी ‘फँड्री’, मग ‘ख्वाडा’, मग हा. उलटा क्रम ठेवला तर परक्या गावाची गोष्ट म्हणून प्रेक्षक सुटून जाईल.

चर्चेला बसाल तेव्हा या चित्रपटाचं एक उणंही पुढे ठेवा, कारण शिफारस करणाऱ्याने ते लपवू नये. यात बायका जवळजवळ नाहीत. मार्कची बायको आहे, जो हार्टली या गुणी अभिनेत्रीने ती केली आहे. नवऱ्याने काय पाहिलं आणि इतकी वर्षं काय दडवलं हे तिला कळतं, आणि त्यानंतर दिग्दर्शक तिच्याकडे फारसा वळून बघत नाही. बघ्यांचा हिशेब मांडणाऱ्या चित्रपटाने नेमकं हे पान कोरं ठेवलं. ‘ख्वाडा’तही राग बाप आणि मुलांच्या वाट्याला आला आहे, पालात मागे राहणाऱ्या बायकांच्या वाट्याला सोसणं. मारणारा, मरणारा आणि बघणारा हे तिघेही पुरुष का असतात, आणि दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या पोलिसांसमोर, वकिलाच्या पायऱ्यांवर, नातेवाइकांच्या दारात बहुतेक वेळा बाई का उभी असते, हे मला अजून कोणत्याही सूडपटाने धडपणे दाखवलेलं माहीत नाही. मेडोजने ते दाखवलं नाही, कऱ्हाड्यांनीही नाही.